सात सह्यांचा फ्लॅट

फोंड्यात भाड्याने राहून आम्हाला नऊ वर्षे झाली होती. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी भाड्यात थोडी वाढ, आणि मध्येच कधीतरी मालकाचा मुलगा गल्फहून परत येणार म्हणून आमची बांधाबांध. चौथ्यांदा कपाट खाली उतरवताना त्याचा पाय मोडला, तेव्हा बायको म्हणाली, "आता हे कपाट पुन्हा हलवायचं ते आपल्याच घरात." मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कंपनीत, ती शाळेत. दोघांचे मिळून हातात येणारे ७९ हजार. गावच्या घरात काकांचा, आमचा आणि आत्यांचा वाटा आहे. तिथे खोली आपली म्हणता येते, घर म्हणता येत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत शोध सुरू केला, आणि सगळे पहिल्यांदा घर घेणारे करतात तेच केले. आधी घर बघितले.

एजंट आम्हाला शोधावा लागला नाही, त्यानेच आम्हाला शोधले. दुकानदाराला सहज बोललो होतो, संध्याकाळी फोन आला. गोव्यात सध्या एजंट म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आसगाव-शिवोलीचे बंगले दिल्ली-मुंबईच्या लोकांना दाखवणारे वेगळे. त्यांना आमच्यासारख्याचे पन्नास लाखांचे बजेट सांगितले की ते सौजन्याने "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. आमच्या वाट्याला येतात ते जोडधंदा म्हणून दलाली करणारे. आमचा हा गृहस्थ त्यातलाच, वागायला गोड. त्याने फर्मागुडीला एक फ्लॅट दाखवला. दोन बेडरूम, दुसरा मजला, मागच्या बाजूला काजूची झाडे. किंमत ५२ लाख. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जरा जास्त वेळ उभी राहिली, आणि एजंटाने ते पाहिले.

"कागद क्लिअर आसात, टेन्शन घेवं नाकात," तो म्हणाला. "दुसरी पार्टी येत्या आयतारा येता." रविवारच्या आत आम्ही ५० हजारांचे टोकन दिले. चेकने दिले एवढाच काय तो शहाणपणा. पावती साध्या कागदावर, त्यावर परतीबद्दल एक अक्षर नाही. बायको म्हणाली होती, बँकेने नाही म्हटलं तर पैसे परत, असं लिहून घे. मला ते मागायला संकोच वाटला. माणूस एवढा चांगला वागतोय आणि आपण लिहून मागायचे!

मग बँकेत गेलो. बँकेने फाईल आपल्या पॅनेलवरच्या वकीलबाईंकडे पाठवली. त्यांचे ऑफिस फोंड्यातच, जिन्याखालची छोटी खोली, भिंतीभर गठ्ठे. त्यांनी कागद चाळले आणि पहिला प्रश्न विचारला, "विकणारे किती?"

मी म्हटले, एक. थोरला मुलगा. वडील वारले, आई म्हातारी आहे, सगळे तोच बघतो.

त्यांनी कोऱ्या कागदावर झाड काढले. वर वडील, शेजारी आई. खाली दोन मुलगे, एक मुलगी. प्रत्येकाच्या शेजारी एकेक चौकट, नवरा किंवा बायको. मग पेनाने मोजत गेल्या. आई एक. थोरला आणि त्याची बायको, तीन. धाकटा आणि त्याची बायको, पाच. मुलगी आणि जावई, सात. "सात सह्या हव्यात. तुमच्याकडे किती आहेत?"

माझ्याकडे एक होती, तीही टोकनच्या पावतीवर.

हे आपल्याला माहीत असते, आणि तरी नसते. गोव्यात लग्न म्हणजे देवळातले किंवा हॉलमधले नव्हे, सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन केलेली सही. पहिली सही, मग दुसरी सही. आपण ती फोटो काढून, पेढे वाटून साजरी करतो. तिचा अर्थ काय, ते घर विकताना किंवा घेताना कळते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. एकाच्या नावावर असली तरी अर्धी दुसऱ्याची, वडिलोपार्जित आलेली असली तरीही. म्हणून स्थावर विकताना जोडीदाराची सही लागतेच. वडील गेले म्हणजे घर मुलाचे झाले, असेही नाही. अर्धे मुळातच आईचे, उरलेल्या अर्ध्यात सगळी मुले, आणि मुलांच्या वाट्यात त्यांचे जोडीदार. वारस कोण हे ठरवणारा वारसा दस्त करायचा, आणि वाटणीवर एकमत नसेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्ट आणि तारखा. महाराष्ट्रातल्या माझ्या मावसभावाला हे सांगितले तर तो हसला. जावयाची सही कशाला, म्हणाला. सावंतवाडी आमच्यापासून दोन तासांवर, कायद्याने मात्र पार दुसऱ्या मुलखात.

इथे वारसा दस्तच झालेला नव्हता. मुलगी इंग्लंडात, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली. धाकट्याची बायको माहेरी, बोलणे बंद, घटस्फोट नाही. म्हणजे तिची सही हवीच, आणि ती सही देण्याचे तिला काहीच कारण नव्हते.

एजंटाला विचारले. "सगळें जातलें," तो म्हणाला. मुलगी मुखत्यारपत्र पाठवेल, धाकट्याचे मिटेल. कधी, ते नाही. मग त्याने दुसरा रस्ता सुचवला. मालकाला १२ लाख रोख द्या, कागदावर ४० दाखवू, तुमची स्टँप ड्युटी वाचेल, मालकही बाकीच्यांना पटकन राजी करेल. मी घरी येऊन कागदावर मांडले. बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. कागदावर ४० म्हटले की कर्ज ३२ लाख. उरलेले ८ आणि रोखीचे १२, मिळून २० लाख माझ्या खिशातून. स्टँप ड्युटीतले लाखभर वाचवायला इतकी रोकड मी कुठून आणणार होतो? रोखीचा व्यवहार बेकायदा आहे, ते आहेच. पण माझ्यासारख्या कर्जावर घर घेणाऱ्याला तो परवडतही नाही, हे मला त्या रात्री प्रथमच नीट दिसले.

बँकेने लेखी नाही कळवले. टोकन परत मागितले. चार महिने फोन, हेलपाटे, "मालक गावात नाही". शेवटी २५ हजार आले, बाकी २५ "खर्चात" गेले. कसला खर्च, ते आजतागायत कळलेले नाही.

मला त्या वेळी राग बँकेचा आला होता. खिडकी हातची गेली असे वाटत होते. राग उतरायला महिना लागला. मग लक्षात आले की या सगळ्या प्रकरणात ज्याने "हो हो" म्हटले त्याला माझ्या होकारातून पैसे मिळणार होते, आणि ज्या बाईंनी "नाही" म्हटले त्यांची फी तीन-साडेतीन हजार होती. तेव्हापासून मी जो कोण भेटेल त्याला हेच सांगतो की वकिलाचे आणि बँकेचे "नाही" घर बघायच्या आधी मिळवता आले तर मिळवा.

दुसरी एजंट भेटली ती शाळेतल्या एका शिक्षिकेमुळे. पन्नाशीच्या बाई, नवऱ्याचे झेरॉक्सचे दुकान, त्यातच एक टेबल. आम्ही बसलो आणि मी सवयीने विचारले, काय काय दाखवाल? त्या म्हणाल्या, "आदीं बँकेचें पत्र हाडात, मागीर फ्लॅट पळोवया." पत्राशिवाय दाखवत नाही. फुकट फिरायला पेट्रोल स्वस्त नाही. मला ते उद्धट वाटले. बायकोला पटले.

त्यांना मी विचारलेले दोन प्रश्न, पहिल्या वेळी सुचले नव्हते ते. एक, रेराची, म्हणजे घरबांधणी-विक्रीवरच्या सरकारी नियामकाची, नोंदणी आहे का. होती, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेले. खरे तर रेराचा एजंटाला लागणारा नियम नोंदणीकृत नव्या प्रकल्पांच्या विक्रीसाठी आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या इमारतीतल्या फ्लॅटला तो थेट लागत नाही. पण नंबर असलेला माणूस पत्त्यासकट वेबसाइटवर सापडतो, आणि तक्रार करायला जागा असते. दुसरा, कमिशन कोणाकडून घेता. "दोन्हीकडून एक-एक टक्का," त्यांनी सरळ सांगितले. "विकणाऱ्याकडून घेत नाही असं सांगणारा खोटं बोलतो." आमचे कमिशन विक्रीखत झाल्यावर, त्याआधी एक रुपया नाही, आणि टोकनच्या कागदावर परतीची अट. हे त्यांनीच टाईप करून दिले. त्या आमच्या बाजूच्या होत्या असे मी म्हणणार नाही. एजंट व्यवहाराच्या बाजूचा असतो. पण व्यवहार मोडू नये म्हणून तरी कागद आधी तपासणारा एजंट, आणि टोकन मिळाले की सुटलो म्हणणारा, यात फरक आहे.

तर बँकेचे पत्र, म्हणजे आपल्याला किती कर्ज मिळेल ते सांगणारे. तीन ठिकाणी फिरलो. एक राष्ट्रीयीकृत बँक, एक हाउसिंग फायनान्स कंपनी, एक सहकारी बँक. हाउसिंग फायनान्सवाले घरी येऊन सही घेऊन जातात, कागद कमी मागतात, व्याज थोडे जास्त. पण मला खटकले ते वेगळेच. बँकांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, गृहकर्जे २०१९ च्या ऑक्टोबरपासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) बाहेरच्या दराला बांधलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. हे बंधन बँकांना आहे, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या हिशेबाने वरखाली होतो. वर जाताना लवकर जातो, असे ऑफिसातले अनुभवी सांगतात. आम्ही राष्ट्रीयीकृत बँक धरली. लंचच्या वेळा सांभाळाव्या लागल्या, बाकी ठीक.

सिबिल स्कोअर माझा ७४२ निघाला. तोही कमी का, तर कधीकाळी मॉलमध्ये कोणीतरी गळ्यात मारलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी थकलेली. भरली, कार्ड बंद करून पत्र घेतले. बायकोचा स्कोअरच नव्हता. आयुष्यात कर्ज न काढलेल्या माणसाला बँक जरा संशयाने बघते, हे तिला फारच लागले. "उधारी केली नाही ही चूक झाली म्हणायची?" वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट संस्थेकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो घर बघायच्या सहा महिने आधी काढला असता तर ही पळापळ वाचली असती.

मग पात्रता. बँकेने आमच्या ७९ हजारांच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे साडेएकोणचाळीस हजारांपर्यंत सगळे हप्ते मिळून चालतील, असे धरले. त्यातून गाडीच्या कर्जाचे ६,८०० वजा. उरले ३२,७००. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला महिना ८६८ रुपयांच्या आसपास हप्ता बसतो. म्हणजे कर्ज पावणेअडतीस लाख. अधिकाऱ्याने सहज विचारले, गाडीचे किती राहिलेत? एक लाख दहा हजार. "ते भरून टाका." भरले, आणि पात्रता साडेपंचेचाळीस लाखांवर गेली. एक लाख दहा हजारांनी जवळजवळ आठ लाखांची जागा मोकळी केली. हे गणित अवघड नाही, पण आपल्या डोक्यात गाडीचे कर्ज एका कप्प्यात असते आणि घर दुसऱ्या. बँकेला कप्पे नसतात. आणि हो, मार्जिनसाठी, म्हणजे किमतीतला आपला वाटा भरायला, पर्सनल लोन काढा, असे पहिल्या एजंटाने सुचवले होते. तेही याच निम्म्यात मोजले जाते, वर त्याचे व्याज गृहकर्जाहून कितीतरी जास्त.

पात्रता मिळाली म्हणजे तेवढे कर्ज मिळते असेही नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ टक्के. आणि या किमतीत स्टँप ड्युटी, नोंदणी फी धरायची नाही, ती वेगळी स्वतःची. गोव्यात ही चांगलीच टोचते. महाराष्ट्रात नोंदणी फीला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे, इथे ती टक्क्यांतच मोजतात, आणि स्टँप ड्युटी किमतीच्या टप्प्यांप्रमाणे चढत जाते. आमची दोन्ही मिळून जवळपास तीन लाख गेली. कोल्हापूरच्या मित्राने करून दिलेल्या एक्सेल शीटमध्ये तो रकाना तीस हजारांचा होता.

पत्र मिळाले. बाईंनी चार फ्लॅट दाखवले. एक आम्हाला आवडला तर त्याच म्हणाल्या, हा नको. इमारतीला ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला वापरण्याचा दाखला, नाही, बिल्डरने पंचायतीशी भांडण घातलेय. दुसऱ्याची सोसायटीच झाली नव्हती, एक-चौदाच्या (गोव्यातला सातबारा) उताऱ्यावर जमीन अजून मूळ भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, नावावर, आणि कुळाच्या रकान्यात एक नाव. तिसरा सुपर बिल्टअप (जिना, लॉबी धरून) ९२ चौरस मीटर आणि आत मोजला तर ६३. भिंतीला टेप लावताना मालक नाराज झाला, होऊ दे.

चौथा कुर्टीला. २००९ ची इमारत, सोसायटी नोंदलेली, ऑक्युपन्सी आहे, घरपट्टी नियमित, मालक नवरा-बायको दोघे जिवंत, दोघे फोंड्यात, दोघे एकमेकांशी बोलतात. मी विचारले, "सह्या किती?" बाई हसल्या. "दोन." खिडकीतून काजू दिसत नाहीत, शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. किंमत ४८ लाख ठरली. पन्नासच्या आत असल्याने खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायची भानगड नव्हती. ५० लाख किंवा वर गेलात तर ते काम तुमचे आहे, विकणाऱ्याचे नाही, आणि विसरलात तर नोटीस तुम्हालाच येते.

इथे वाटले, संपले. ४८ चे ८० टक्के ३८ लाख ४० हजार, दहा लाख आपले, झाले. ऑगस्टमध्ये बँकेचा व्हॅल्युअर आला, वीस मिनिटे फिरला, फोटो काढले, टाकीकडे बघून काहीतरी लिहिले. आठवड्याने बँकेतून फोन. मूल्यांकन ४५ लाख.

बँक करारातली किंमत आणि मूल्यांकन यातला कमी आकडा धरते. ४५ चे ८० टक्के ३६ लाख. माझ्या हिशेबात एका फोनने दोन लाख चाळीस हजारांचे भगदाड. आम्ही दोघे त्या रात्री जेवलो नाही असे म्हणणार नव्हतो, पण खरेच फार जेवलो नाही. पीएफ काढला होता, बायकोची आरडी मोडली होती, पतसंस्थेतली ठेव मोडली होती. सोने काढायचे नाही हे आमचे आधीच ठरले होते. ती म्हणाली, "मंगळसूत्र बँकेत ठेवून घेतलेल्या घरात मला झोप येणार नाही." 

एजंटबाईंचे कमिशन मला वसूल झाले ते इथे. त्यांनी व्हॅल्युअरचा अहवाल मालकासमोर ठेवला. तुमचा पुढचा गिऱ्हाईकही कर्ज काढूनच येणार, त्यालाही बँक हाच आकडा देणार, असे सांगितले. मालक अडून बसले, मग लाखाने उतरले. ४७ लाख. उरलेला खड्डा बाबांनी भरला. काजूचे पैसे, म्हणाले. इतके काजू आमच्या बागेत येत नाहीत हे मला माहीत आहे.

शेवटचा हिशेब असा झाला. कर्ज ३६ लाख. आपले ११ लाख. स्टँप, नोंदणी जवळपास तीन. कमिशन, आपला स्वतःचा वकील, बँकेची प्रोसेसिंग, सोसायटीची ट्रान्सफर फी मिळून लाखाच्या वर. म्हणजे सत्तेचाळीसच्या घरासाठी हातात रोकड पंधरा लाखांची लागली, आणि ती शेवटपर्यंत बँक खात्यात दिसावी लागली. वीस टक्के भरले की घर, हे वाक्य मला दोन वर्षे लोकांनी ऐकवले होते. बत्तीस टक्के धरा.

पंतप्रधान आवास योजनेचे दुसरे पर्व त्याच सुमारास, सप्टेंबरात आले. व्याज अनुदानासाठी घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत. आमची दोन्ही दारे बंद. फोंड्यात ३५ लाखांत दोन बेडरूम कोणाला मिळाला असेल तर त्याने मला पेढे द्यावेत. करसवलतीचेही तसेच. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांची वजावट जुन्या कररचनेत आहे, आणि मी नव्या कररचनेत गेलो होतो.

कर्जमंजुरीची मुदत तीन महिने. सप्टेंबरात सगळे तयार झाले तर मालकीणबाई म्हणाल्या, म्हाळ चालू आहे, पितृपक्षात विक्रीखत नको. बँक अधिकारी म्हणाला, मुदत संपली तर फाईल नव्याने. या दोन देवतांच्या मध्ये मी पंधरा दिवस काढले. त्यात आणखी एक गंमत. मालकांनी त्याच फ्लॅटवर पूर्वी काढलेले कर्ज कधीच फिटले होते, उपनिबंधकाचा बोजा नसल्याचा दाखलाही स्वच्छ, पण सरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीत त्यांच्या जुन्या बँकेचा बोजा तसाच. कर्ज फिटल्यावर बँकेने तो काढायचा असतो, त्या शाखेला ते करायला सुचले नव्हते. तो निघेपर्यंत पितृपक्ष संपलाच. आमच्या वकीलबाईंनी (हो, त्याच. बँकेचे काम वेगळे, आम्ही त्यांना स्वतःसाठी वेगळी फी देऊन घेतले होते) मालकांकडून लग्नाचा दाखला मागितला. मालक वैतागले. तीस वर्षांपूर्वीचा दाखला! मी मात्र त्या दाखल्याची झेरॉक्स जपून ठेवली आहे.

घटस्थापनेनंतरच्या आठवड्यात फोंड्याच्या उपनिबंधक कार्यालयात विक्रीखत झाले. माहिती आधीच ऑनलाइन भरलेली, ई-चलान, अंगठे, फोटो, दोन साक्षीदार. सगळे मिळून पाऊण तास, त्यातली पंचवीस मिनिटे सर्व्हर. विकणाऱ्यांच्या दोन सह्या, आमच्या दोन. बँकेच्या माणसाने पे-ऑर्डर मालकांच्या हातात दिली आणि मूळ कागद स्वतःच्या बॅगेत टाकले. आमच्या हातात आली किल्ली आणि झेरॉक्स.

त्याच दिवशी बँकेच्या टेबलावर एक फॉर्म पुढे सरकवला गेला होता, कर्जाचा विमा, एकरकमी प्रीमियम सव्वा लाखाच्या आसपास, "कर्जातच टाकतो, कळणारही नाही". वीस वर्षे त्यावर व्याज भरायचे आणि कळणार नाही. हा विमा सक्तीचा नाही. मी वेगळा टर्म प्लॅन घेतला. विमा हवाच, पण तो कर्जाच्या पोटात नको.

हप्ता ३१,२४२. पहिल्या महिन्यात त्यातले २५,५०० व्याज आणि मुद्दल पावणेसहा हजार. पासबुकात ते बघून बायको म्हणाली, "म्हणजे या महिन्यात आपण बाथरूमचं दार विकत घेतलं." तेव्हापासून आमचा तोच हिशेब चालतो. फ्लोटिंग दराच्या कर्जाला आधी फेडल्याचा दंड नाही, म्हणून वर्षाला एक हप्ता जादा टाकायचे ठरवले आहे. कागदावर त्याने वीसाची साधारण साडेसोळा वर्षे होतात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून रेपो एक टक्क्याने खाली आणला, तो आमच्या दरात उतरायला तिमाही लागली. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली. हप्ता कमी करून घ्यायचा पर्यायही मागता येतो. आम्ही नाही मागितला. अडीच वर्षांहून जास्त कमी झाली आहेत, बाल्कनीसकट हॉल आला म्हणायचा.

वीजबिल अजून जुन्या मालकांच्या नावाने येते. दोनदा अर्ज दिला. घरपट्टी मात्र पंचायतीत महिन्याभरात नावावर झाली. कपाटाचा मोडलेला पाय बसवला, तो थोडा आखूड झाला, खाली पुठ्ठा घातलाय.

कंपनीची बस रोज फर्मागुडीवरून जाते. त्या फ्लॅटच्या बाल्कनीला पत्र्याचा बोर्ड अजून तसाच आहे, 'विकणे आहे', खाली त्याच एजंटाचा नंबर. मागच्या पावसाळ्यात आमच्या डिपार्टमेंटच्या एका पोराने तो नंबर टिपून घेतला. मी त्याला म्हटले, फोन कर, पण आधी एवढेच विचार की सह्या किती झाल्या. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "चार जाल्यात म्हणटा. टेन्शन घेवं नाका म्हणटा."